रंग हलला तर माल परत

ग्राफिक डिझाइन शिकणाऱ्या मुलांना हल्ली एक सल्ला हमखास मिळतो: जुन्या, वापरून फेकायच्या वस्तू पाहा. काडेपेटीची लेबलं, विडीच्या बंडलांवरचे कागद, कॅलेंडरातल्या लक्ष्म्या, इराण्याच्या हॉटेलातल्या पाट्या, लग्नपत्रिका, नाटकांची तिकिटं. सल्ला चांगला आहे. त्याच्यामागे जे शेपूट येतं त्याच्याशी माझं भांडण आहे. ही श्रीमंती म्हणे गिरगावात सापडते, पुण्याच्या पेठांत सापडते, कोल्हापुरात सापडते. पिंपरी-चिंचवडला काय आहे? शेड, कंपाउंडच्या भिंती आणि भाऊंच्या वाढदिवसाचे फ्लेक्स. कारखान्यांच्या गावाला पोट असतं, नजर नसते, असा एकूण सूर. मग संत तुकारामनगरातला मुलगा प्रोजेक्ट मिळाला की मेट्रोत बसतो, मंडईला उतरतो, वाड्यांचे दरवाजे आणि रंग उडालेल्या पाट्या फोनमध्ये भरून आणतो आणि घरी आल्यावर संगणकावर त्यांना आणखी जुनं करतो.

हा सूर मला अजिबात मान्य नाही. त्यात ज्यांचं कौतुक चाललंय त्या जुन्या कारागिरांचाच अपमान आहे, आणि दाराबाहेर रोज होत असलेलं काम न पाहण्याची सोय आहे.

आधी जुन्यांचं बघू. पिंपरीहून लोणावळा लोकल पकडली की वाटेत मळवली लागतं. राजा रविवर्मा यांनी 1894 साली मुंबईत काढलेला लिथोचा छापखाना काही वर्षांतच या मळवलीला आला, आणि पुढे फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञानं तो विकत घेतला. आज 'अस्सल देशी' म्हणून कॅफेच्या भिंतीवर ज्या लक्ष्मी-सरस्वती टांगल्या जातात त्या परदेशातून आणलेल्या यंत्रांवर छापल्या गेल्या. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि एकाच कागदावर एकामागून एक ते सगळे रंग नेमक्या जागी बसवायचे. श्लायशर यांच्या काळात याच छापखान्यातून देवादिकांबरोबर मालाची लेबलं आणि जाहिरातीची चित्रंही बाहेर पडू लागली. 1972 च्या आगीत सगळं संपलं. त्या छापखान्याचा थाट त्या काळच्या मानानं अगदी अद्ययावत होता. तिथं काम करणाऱ्या कुणालाही आपलं काम जुन्यासारखं दिसावं अशी इच्छा असण्याचं कारण नव्हतं. त्यांना ते नवं, चकचकीत आणि बाजारातल्या दुसऱ्या चित्रापेक्षा उठून दिसणारं हवं होतं.

बाबूराव पेंटरांची गोष्टही वेगळी नाही. कोल्हापुरात 1920 च्या दशकात त्यांनी मूकपटांची पोस्टरं रंगवली तेव्हा सिनेमा ही गावात आलेली सगळ्यात नवी वस्तू होती. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या विष्णुपंत दामले आणि साहेबमामा फत्तेलाल यांनी प्रभात फिल्म कंपनीसाठी 1936 साली 'संत तुकाराम' केला. पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याची वाखाणणी झाली. आता ज्यांचं नाव संत तुकारामनगरला आहे त्या तुकोबांचा चेहरा डोळ्यांसमोर आणून पाहा. तो चित्रपट ज्या पिढीनं पाहिला तिच्या मनातल्या तुकोबांना विष्णुपंत पागनीसांचाच चेहरा होता. सतराव्या शतकातल्या संताचं रूप विसाव्या शतकातल्या एका स्टुडिओत, दिव्यांच्या उजेडात, पगारी कलावंतांनी ठरवलं आणि लोकांनी ते देव्हाऱ्यापर्यंत नेलं. 'परंपरा' म्हणून आपण ज्याच्याकडे हात जोडून पाहतो ते बहुतेक वेळा असं एखाद्या तारखेला, एखाद्या तंत्रानं, पोटापाण्यासाठी केलेलं काम असतं. ती तारीख पुसली की उरतं ते नुसतं गोड वाटणं.

आणि जुन्याची नक्कल विकणाऱ्या रेट्रोवाल्यांचा धंदा नेमका या तारीख पुसण्यावर चालतो. एक नमुना सगळ्यांच्या ओळखीचा आहे: लाल रंग बाह्यरेषेच्या जरा बाहेर सरकवलेला, निळ्याची कड पिवळ्यावर चढलेली, कागदाला चहाचा डाग पडल्यासारखी छटा. याला 'काडेपेटी लूक' म्हणतात. छापखान्यात याला रंग हलला असं म्हणतात, आणि रंग हलला तर माल परत येतो. स्वस्त लेबलात तो हलायचा तो घाईनं, झिजलेल्या यंत्रानं, हलक्या कागदानं. मशीनमन ज्यासाठी बोलणी खायचा ती चूक आता फिल्टर म्हणून विकली जाते. मायक्रॉनच्या फरकावरून जॉब, म्हणजे यंत्रावर घडवलेला भाग, नाकारणाऱ्या या गावात तरी ही थट्टा कुणाच्या लक्षात यायला हवी होती. 'हॉर्न ओके प्लीज'चंही तसंच झालं. 2015 साली राज्याच्या परिवहन खात्यानं ट्रकच्या मागे ते लिहायला बंदी घातली, कारण त्यामुळे उगाच हॉर्न वाजवायला उत्तेजन मिळतं. कॉफीच्या मगांवरून आणि उशांच्या अभ्र्यांवरून ते अजून वाजतंच आहे.

देवनागरीत हा प्रकार फारच खुपतो. खिळ्यांच्या छपाईत मराठी मजकूर जुळवणं हे किती किचकट काम होतं याची कल्पना आज कीबोर्डवर बोटं फिरवणाऱ्याला येणार नाही. डिग्री पद्धतीत अक्षराचा खिळा वेगळा, त्याच्या डोक्यावरच्या मात्रेचा वेगळा, खालच्या उकाराचा वेगळा. जुळणी जरा ढिली राहिली की मात्रा अक्षरापासून सुटून अधांतरी लटकायची. अखंड पद्धतीत जोडणी टळायची, पण मग केसमध्ये खिळ्यांची संख्या शेकड्यांत जायची. 1869 साली निर्णयसागर काढणाऱ्या जावजी दादाजींपासून 'टायपोग्राफी ऑफ देवनागरी' हा मोठा ग्रंथ लिहिणाऱ्या बापूराव नाईकांपर्यंत, आणि संगणकावरचं मंगल अक्षर करणाऱ्या र. कृ. जोशींपर्यंत, कित्येकांनी आयुष्य खर्ची घातलं ते मराठी अक्षर सलग, सुबक आणि वाचनीय उमटावं म्हणून. आणि आज एखाद्या मिसळीच्या दुकानाच्या लोगोत वेलांटी मुद्दाम तोडली जाते, रफार मुद्दाम सरकवला जातो. का, तर 'जुन्या प्रेसचा फील' यावा. जो दोष घालवायला शंभर वर्षं लागली तो परत आणून ठेवायचा आणि वर त्याला आदरांजली म्हणायचं!

यावर प्रतिपक्षाचं एक उत्तर असतं आणि ते दुबळं नाही. ते म्हणतात, हात बसायचा तर गिरवावंच लागतं. पेंटरच्या पोरानंही आधी वस्तादाचीच अक्षरं गिरवली. बरोबर. गिरवावं, वह्याच्या वह्या भराव्यात. पण गिरवलेलं पान दुकानावर लावायचं नसतं. नाटकांची नावं रेखणारे कमल शेडगे 2020 साली गेले. त्यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींत नावांना जे रूप दिलं ते आठवा. एका नाटकाचं अक्षर दुसऱ्याला चालत नसे. ऐतिहासिक नाटकाचं नाव वेगळ्या वळणाचं, फार्सचं वेगळ्या. पिंपरीतल्या आचार्य अत्रे रंगमंदिरात नाटक लागतं त्या दिवशी वर्तमानपत्रातल्या दोन बोटं रुंदीच्या जाहिरातीत ते नाव इतर दहा नावांतून वेगळं दिसलं पाहिजे, ही त्या कामाची अट. शेडग्यांकडून घ्यायचं ते हे. प्रत्यक्षात घेतलं जातं ते त्यांच्या अक्षरांसारखं दिसणारं एखादं वळण, आणि मग तेच वळण साबणाला, शाळेला आणि श्रद्धांजलीला सारखंच वापरलं जातं.

जुन्या कागदातून उचलायचे ते निर्णय. किती शाई परवडली, वाचणारा कोण होता, तो किती लांब उभा होता, उजेड किती होता, चूक झाली तर कुणाचं नुकसान होतं. हे प्रश्न विचारायला लागलं की वस्तूचं वय बिनमहत्त्वाचं होतं, आणि मग पिंपरी-चिंचवडला काही नाही हे वाक्य तोंडातून निघू शकत नाही.

यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयाच्या आसपासच्या कुठल्याही औषधाच्या दुकानात उभे राहा. अँटिबायोटिकच्या पाकिटावर एक उभी लाल रेघ असते. डॉक्टरनं लिहून दिल्याशिवाय हे घेऊ नका, एवढा मजकूर त्या एका रेघेत बसवलेला आहे. केंद्र सरकारनं 2016 मध्ये या रेघेचा अर्थ लोकांना कळावा म्हणून मोहीमही काढली. हे सगळं त्या पिंपरीत, जिथं 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि पुढे देशात पेनिसिलीन बनवायला सुरुवात झाली. भाषा नको, अक्षरओळख नको, एक शाई, एक रेघ. आता काउंटरवर उभ्या असलेल्या माणसांना विचारून पाहा, ही रेघ कशाची? त्यांच्या उत्तरांवरून कळेल की चिन्ह काढणं आणि ते पोहोचवणं ही दोन वेगळी कामं आहेत. विद्यार्थ्याला सहा महिने पुरेल एवढा प्रश्न या पाकिटात आहे. पण पाकीट पिवळं पडलेलं नाही, त्यावर राणी नाही, वाघ नाही, म्हणून ते संग्रहात जात नाही.

किंवा भोसरी एमआयडीसीतल्या कुठल्याही वर्कशॉपमधला टॅग घ्या. जॉब बरोबर असेल तर हिरवा, दुरुस्तीला ठेवायचा असेल तर पिवळा, गेला असेल तर लाल. टॅग सुतळीनं किंवा तारेनं बांधलेला, त्यावर ऑइलचे ठसे. हे वाचणारा माणूस बीडचा असेल, बिहारचा असेल, ओडिशाचा असेल. रात्रपाळीचा असेल, हातात मोजे असतील. त्याला मराठी येईलच असं नाही, इंग्रजी येईलच असं नाही. लाल टॅगचा जॉब चुकून हिरव्या बिनमध्ये गेला तर चाकणच्या असेंब्ली लाइनवर बोंब होते. त्यामुळे टॅगवरचा रंग, आकड्याचा आकार, भोकाची जागा, यांतलं काहीही हौसेनं ठरलेलं नाही. कानबानचं कार्ड तर याहून पुढचं. टोयोटात ताइची ओनो यांनी बसवलेल्या या पद्धतीत कुठला भाग, किती नग, कुठून कुठे, एवढं एका कार्डावर असतं, आणि ते कार्ड परत आलं की तोच पुढच्या मालाचा हुकूम. कागदाचा एवढासा तुकडा पुरवठादाराचं पूर्ण वर्कशॉप हलवतो. छापील वस्तूत एवढी ताकद असते हे डिझाइनच्या कुठल्या वर्गात शिकवतात?

'पण यात सौंदर्य कुठे आहे?' हा पुढचा आक्षेप. मला तो प्रामाणिक वाटत नाही. ज्या काडेपेटीवर तुम्ही भाळता तिच्यात तरी सौंदर्य कुणी आधी ठरवून ठेवलं होतं? वाघ छाप, घोडा छाप ही चित्रं आली ती वाचता न येणाऱ्या गिऱ्हाइकानं दुकानात जाऊन 'वाघवाली द्या' म्हणावं म्हणून. तीही ओळखीची खूणच होती, टॅगसारखी. सत्तर वर्षांनी तिचं काम संपलं आणि मग ती सुंदर दिसू लागली. टॅगचं काम अजून चालू आहे एवढाच त्याचा गुन्हा.

तिसरं उदाहरण वल्लभनगर एसटी स्थानकाचं, थोडक्यात. गाडी लागताना, पावसात, मागून धावत येणाऱ्या म्हातारीला गावाचं नाव दिसलं पाहिजे, यासाठी पत्र्याच्या पाटीवरच्या जाड देवनागरीनं जे केलं ते अनेक झगमगत्या इलेक्ट्रॉनिक फलकांना अजून जमलेलं नाही. आणि कंडक्टरच्या पेटीतली ती जुनी तिकिटं, रंगावरून किंमत ओळखू येणारी, हलत्या गाडीत अर्धवट उजेडात न बघता फाडायची. यंत्र आलं ते बरंच झालं, हिशोब सोपा झाला. पण यंत्रातून निघणाऱ्या पट्टीवरचा मजकूर काही महिन्यांत उडतो. आजच्या काळाचे कागद पन्नास वर्षांनी कुणी शोधले तर त्याला कोऱ्या पट्ट्या सापडतील.

आता फ्लेक्स. इथं माझ्या बाजूचे लोकही माझी साथ सोडतात. फ्लेक्सनं पेंटर संपवले, शहर विद्रूप केलं, हे खरं आहे. फलकाला सांगाडा असतो आणि तो माणसं मारू शकतो, हेही या शहरानं पाहिलं आहे: 17 एप्रिल 2023 रोजी रावेत-किवळे भागात होर्डिंग कोसळून 5 जणांचा जीव गेला. बेकायदा फलकाची बाजू घेणारा मी नाही. पण विद्रूप म्हणून डोळे मिटणं हे समीक्षेचं काम नव्हे. वाढदिवसाचा फ्लेक्स एकदा नीट वाचा. वर ओळीनं राष्ट्रीय आणि राज्याचे नेते, आकार कमी पण जागा मानाची. मधे भाऊ, कमरेपासून वर, गॉगलसकट, सगळ्यात मोठे. खाली शुभेच्छुकांचे चेहरे, गोलात किंवा चौकटीत, आणि त्यांतही कोण आधी, कोण कोपऱ्यात, यावरून प्रभागातलं राजकारण कळतं. एखादा नेता वरच्या रांगेतून गायब झाला की पक्ष बदलल्याची बातमी पेपरच्या आधी चौकात लागलेली असते. सत्तेचा असा स्पष्ट नकाशा कुठल्या अभ्यासकानं काढून दिला आहे? हे काम रात्री अकरा वाजता, गिऱ्हाईक मागे उभं असताना, कोरलड्रॉमध्ये श्री-लिपीची अक्षरं ताणून, सकाळच्या आत करून देणारा डीटीपीवाला हा मळवलीच्या छापखान्याचा खरा वारस आहे. नवं यंत्र, स्वस्त माल, बाजाराची घाई आणि देवापासून भावी नगरसेवकापर्यंत सगळ्यांना एकाच झळाळीत बसवण्याची हातोटी. त्याच्या कामाची चव मला आवडत नाही. पण ती चव आवडत नाही म्हणून ते काम बघायचंच नाही, असं म्हणणाऱ्या लोकांनीच एकेकाळी कॅलेंडरातल्या लक्ष्मीलाही बाजारू म्हणून नाक मुरडलं होतं.

राहिला जपण्याचा मुद्दा. 'आम्ही वापरतो म्हणून तरी हे टिकतं' असं रेट्रोवाले म्हणतात. वापरल्यानं टिकत नाही. टिकतं ते नोंद ठेवल्यानं: वस्तू कुठं छापली, केव्हा, कोणत्या तंत्रानं, कुणी रंगवली. काडेपेटीच्या लेबलावर कडेला बारीक अक्षरात छापखान्याचं नाव असेल तर तीच ओळ पोस्टर करताना सर्वांत आधी कापली जाते. याउलट हनीफ कुरेशी यांनी पाटी रंगवणाऱ्यांच्या अक्षरांचे संगणकीय टाइप करायला घेतले तेव्हा टाइपला नाव दिलं ते पेंटरचं: पेंटर कफील, पेंटर उमेश. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेनं केलेला 'मोदक' हा टाइप पाहा. अक्षराच्या आतली पोकळी जवळजवळ नाहीशी होईपर्यंत फुगवलेला, आणि तरीही वाचता येणारा. रस्त्यावरच्या जाड अक्षरांचा जोम त्यात आहे, पण त्यावर खोटी धूळ उडवलेली नाही. संगणकाशिवाय तो झालाही नसता. प्रेरणा घेण्याच्या या दोन रीती मला पटतात. एकीत माणसाचं नाव राहतं, दुसरीत आजचं हत्यार लाजत नाही.

आपल्या भागात नोंद ठेवण्याचं काम कुणी करत नाही. या पट्ट्याचा जुना बाजार म्हणजे कुदळवाडी होती. बंद पडलेल्या शेडमधला पत्रा, ड्रम, पुठ्ठा भंगार म्हणून तिथं जायचा. फेब्रुवारी 2025 मध्ये महापालिकेनं ती गोदामं पाडली. पाडणं योग्य की अयोग्य हा वाद वेगळा. पण यंत्रावरची ॲल्युमिनियमची नेमप्लेट, सुरक्षा सप्ताहाचं पोस्टर, कोरूगेटेड खोक्यावर स्टेन्सिलनं मारलेला बाण आणि फुटका पेला, कॅन्टीनचं कुपन, जॉब कार्ड, युनियनच्या गेटसभेचं पत्रक, यांचा संग्रह कुठल्याही संग्रहालयात नाही म्हणून कुणाला हळहळ वाटल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. साठ वर्षं इथं माल तयार झाला आणि त्याच्यासोबत कागद तयार झाला. माल जगभर गेला, कागद रद्दीत गेला.

हे गोळा करायचं तर गेटवर जाऊन, मालकाला भेटून, कशासाठी हवं ते सांगून करावं लागेल. मोबाइल आत न्यायला बहुतेक ठिकाणी बंदी असते, तेव्हा फोटोवर भागणार नाही. वस्तूच मागावी लागेल. मालक आधी हसेल, मग भंगाराचा भाव सांगेल. तो द्या. पावती मागून घ्या, आणि तीही त्याच पिशवीत ठेवा. तिच्यावर तारीख आणि कंपनीचं नाव असतं.